पुलियाचा धक्का

चौकातल्या बॅनरवर स्वतःचाच फोटो पाहत संघदीप वळत होता, तेवढ्यात सायकल नव्या गतिरोधकावर आदळली आणि जीभ दातांखाली आली. एवढंच झालं. गतिरोधक कालपरवाच कोणीतरी घातलेला, त्यावर पांढरे पट्टे अजून मारले नव्हते. धक्का मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात, तिथून मानेत गेला आणि दातांवर येऊन थांबला. तोंडात लोखंडासारखी चव आली. कोपऱ्यावरचा संत्रीवाला ओरडला, "अरे चॅम्पियन, सामने देख ना! अपने ही फोटो में घुसेगा क्या?" दोन माणसं हसली. संघदीपही हसला असावा, कारण गाल ताणले गेल्याचं त्याला जाणवलं. पण मन सव्वीस दिवस मागं, शर्यतीच्या दिवशीच्या तिरोडा रस्त्यावर जाऊन पोचलं होतं आणि तिथं काहीतरी चाचपत होतं. असा धक्का तिथंही असायला हवा होता. एक जाताना, एक येताना. दोन धक्के. त्याला एकही आठवेना.

बॅनरवरचा संघदीप हेल्मेट घालून हसत होता. खाली त्याचं वय, एकोणीस, आणि त्याखाली वस्तीतल्या बारा-तेरा शुभेच्छुकांचे फोटो, त्यांत राइस मिलच्या बॉयलरवर काम करणारे त्याचे वडील यादोराव, आयुष्यात पहिल्यांदा टाय बांधलेले. टाय फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर बांधला होता. उद्या सकाळच्या गाडीनं संघदीप दिल्लीला निघणार होता. देशभरातून निवडलेल्या पोरांचं सायकलिंगचं शिबिर, वर्षभराचं; जिल्ह्यातून एकाच मुलाला जागा. आईनं त्याला बॅगेसाठी साखळी आणि कुलूप आणायला पाठवलं होतं. तो दुकानापाशी गेला, सायकल उभी केली, पुन्हा काढली आणि कुलूप न घेताच परत फिरला. वाटेत तोच गतिरोधक पुन्हा आला. या वेळी तो सीटवरून उठला आणि धक्का आला नाही. हं. म्हणजे उठलं की धक्का येत नाही. म्हणजे त्या दिवशीही आपण उठलो असू, म्हणून आठवत नाही. पण मग उठलेलं तरी आठवायला हवं ना.

या जागेसाठीची शर्यत अशी होती: वीस किलोमीटर, एकट्यानं, घड्याळाविरुद्ध. दर मिनिटाला एकाला सोडायचं. तिरोड्याच्या दिशेनं दहा किलोमीटर जायचं, रस्त्याच्या मधोमध ठेवलेल्या, चुन्याचा पट्टा मारलेल्या डांबराच्या रिकाम्या ड्रमला वळसा घालायचा आणि परत. रस्त्याचं काम वर्षभर चाललेलं, त्यामुळं तो शर्यतीच्या सकाळीच खुला केला होता. आधी कोणालाही फिरून बघायला मिळालं नव्हतं. म्हणून कैलाश सरांनी, जिल्ह्याच्या प्रशिक्षकांनी, सगळ्यांना गोल उभं करून सांगितलं होतं. "नाल्यावरची छोटी पुलिया ओलांडली की लगेच ड्रम आहे. पुलियाचा नवा स्लॅब रस्त्यापेक्षा चार बोटं वर आहे. तिथं सीटवरून उठायचं. बसून राहाल तर चाकही जाईल न् दातही. काय सांगितलं? पुलियावर उठा." एकोणीस पोरांनी मान हलवली होती. अठरावा त्याचा मित्र योगराज सुटला. एकोणिसावा, सगळ्यात शेवटी, संघदीप. तो तीन सेकंदांनी जिंकला. योगराज दुसरा आला.

वळण, पहिल्या खेपेला असं आठवतं: समोर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, कितीही पायडल मारा तेवढ्याच उंच. कानात वारा. मग ड्रम. ड्रमपाशी खुर्चीत वळणाचे पंच बकाराम गुरुजी, गुडघ्यावर वही. उजवा गुडघा बाहेर काढून वळसा. पाय पुन्हा सुरू.

वळण, दुसऱ्या खेपेला: वळताना मानेवरचा घाम एकदम थंड झाला. आंब्याच्या मोहराचा वास आला, नाकात चिकटणारा. म्हणजे झाड होतं. म्हणजे सावली होती. सरांनी झाडाचं काही सांगितलं नव्हतं.

वळण, तिसऱ्या खेपेला: पुलिया. पण ही पुलिया तो आता मुद्दाम आणून ठेवत होता, नाटकात मागाहून पडदा लावावा तशी, आणि ती नीट बसत नव्हती. कधी ती झाडाच्या अलीकडे पडे, कधी पलीकडे. सायकलवर चाळीस-बेचाळीसच्या वेगानं जाणाऱ्या माणसाला काय दिसतं? पुढच्या चाकाखालचा एक हात रस्ता. बाकी सगळं अंग बघतं. आणि अंगाला विचारावं तर ते जिभेच्या दुखऱ्या टोकाकडं बोट दाखवून गप्प.

राइस मिलच्या मागच्या त्यांच्या खोलीत उसन्या, उकडलेल्या धानाचा ओला, कोंदट वास भरला होता. आई, लीलाबाई, बॅगेत लाडवांचा डबा बसवत होती आणि तो बसत नव्हता. "कुलूप आणलं काय?"

"नाही."

"काऊन? तेवढ्यासाठीच तर पाठवलं होतं तुले. अन् तोंडाले काय झालं?"

"जीभ चावली."

"दिल्लीले जायच्या आधीच इथलं खाणं सोडून जीभ खाऊन राहिला," ती म्हणाली आणि डबा आडवा करून पाहू लागली. यादोराव पाळी संपवून दारात बसले होते. भुवयांवर कोंड्याची राख. ते सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होते की मालकानं त्यांना आज ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली आणि चहा मागवला. "वीस वर्षं झाले बॉयलरवर. आज पह्यल्यांदा त्या खुर्चीत बसलो. गादी आत धसते गा, मले वाटलं पडलोच." ते हसले. रविवारी विहारात सत्कार झाला होता. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांनी त्याच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या होत्या, बाजारात भोपळा पाहावा तशा. ते सगळं त्या ड्रमवर उभं होतं. ड्रम रिकामा होता, हलका. एक माणूस गडगडवत नेऊ शकेल इतका. हे कुठून सुचलं?

"बाबा," तो म्हणाला, "समजा शर्यतीत कोणी चुकून थोडं कमी गेलं. अन् नंतर त्याले समजलं. तर?"

यादोरावांनी वर पाहिलं. "कोण गेला कमी? योगराज?"

"नाही, म्हणजे... समजा."

"समजा काय? गेला असंल तर सांगून टाक सरले. कायले लपवतं? मोठ्या घरचा असला म्हणून काय झालं?"

आईनं डबा बसवला आणि चेन ओढली. संघदीप पुन्हा सायकल काढून बाहेर पडला. आई मागून ओरडली, "आता तरी कुलूप आणजो!"

बकाराम गुरुजी गोंदियातच, रेल्वेच्या पलीकडच्या आळीत राहत. छत्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. जिल्ह्यात कुठलीही शर्यत असो, शिट्टी आणि वही घेऊन हजर. ओसरीवर पाय लांब करून ते गुडघ्याला तेल चोळत होते. "ये बे दिल्लीवाल्या! पाया पडायला आला काय? पड, पण या पायाच्या नको, हा दुखून राहिला." संघदीप दुसऱ्या पायाच्या पाया पडला. काय विचारायचं ते त्यानं वाटेत तीन वेळा जुळवलं होतं आणि तिन्ही वेळा ते आरोपासारखं झालं होतं. शेवटी तो म्हणाला, "गुरुजी, त्या दिवशी ऊन लई होतं ना?"

"ऊन? अरे डोकं फुटून राहिलं होतं! साडेदहालाच चटका. कैलाशनं मले बसवलं पुलियापलीकडे, उघड्यावर. मंग मी म्हटलं, मरू दे, न् खुर्ची उचलून आलो आंब्याखाली."

"अन् ड्रम?"

"ड्रम तिथंच ठेवून कसं चालंल? माझी नजर अशी. तुमचे पाठीवरचे नंबर मले तिथून दिसले असते काय? म्हणून तोही आणला ढकलत. घरंगळत येते तो, काही जड नाही." ते हे अगदी सहज, आनंदानं सांगत होते, उन्हाला फसवल्याच्या आनंदानं. आपण काय केलं ते त्यांना अजून माहीतच नव्हतं, आणि संघदीपला वाटलं की ते माहीत झालेला जगातला पहिला माणूस आपण आहोत आणि आपल्याला तो व्हायचं नव्हतं.

"किती आणला असंल?"

"असंल तीस पावलं." गुरुजींनी दुखरा गुडघा हलवून दाखवला. "माझे पावलं."

"अन् कधी? कोण गेल्यावर?"

"दोघं-तिघं राहिले होते. का एकच राहिला होता बाप्पा? थांब, वही आहे." वही आली. एक ते एकोणीस आकडे, प्रत्येकापुढं बरोबरची खूण. सगळ्या खुणा एकाच शाईच्या, एकाच तिरकेपणाच्या, एका दमात मारलेल्या. संघदीपनं खुणांवरून बोट फिरवलं. "मी मस्टर आधीच भरून ठेवतो," गुरुजी म्हणाले. "छत्तीस वर्षं असंच. येणारे पोरं येतेतच. जो नाही आला त्याचं मागाहून खोडायचं. कायले विचारतं पण?"

"असंच," संघदीप म्हणाला.

रस्त्यावर येऊन तो गणित करू लागला. तीस पावलं म्हणजे वीस मीटर. जाताना वीस, येताना वीस, चाळीस, सेकंदाला साडेअकरा मीटर, साडेतीन सेकंद. फरक तीनचा. म्हणजे अर्ध्या सेकंदानं हरलो. पण दुखऱ्या गुडघ्याचं पाऊल ते केवढं? पंधराच मीटर धर. मग अडीच सेकंद. मग अर्ध्या सेकंदानं जिंकलो. आणि हे सगळं केव्हा, तर योगराजच्या वेळी ड्रम पलीकडे असेल तरच. योगराजच्याही वेळी तो आंब्याखालीच असेल तर दोघं सारखेच कमी गेले, मग तीन सेकंद ते तीन सेकंदच. मग बाकीच्या सतरा जणांचं काय, तर ते मिनिट-मिनिटभर मागं होते, त्यांना काही फरक पडत नाही. सगळं येऊन एका मिनिटावर थांबलं. योगराज वळला आणि संघदीप आला, त्यामधलं मिनिट. त्या मिनिटात एक म्हातारा खुर्ची उचलून, ड्रम ढकलत, सावलीत गेला किंवा गेला नाही. आणि हे सांगू शकेल असं जगात एकच अंग होतं, योगराजचं. ज्याला पुलिया लागली की नाही ते माहीत. आणि योगराज नुसतं 'लागली' म्हणाला, की दिल्ली त्याची.

योगराजचं गाव गोंदियाजवळच्या गोरेगावच्या वाटेवर. त्याच्या पणजोबाच्या आज्यानं म्हणे गावचा तलाव खोदवला. घराण्याला अजून त्याचा दिमाख. त्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दोघं सायकल शिकले. चालवायला शिकले असं नव्हे, ते तर येतच होतं. वारा ओळखायला शिकले. पहिल्या वर्षी संघदीपकडं शर्यतीची सायकल नव्हती. मडगार्ड काढलेली, वडलांची जुनी काळी सायकल. योगराज पुढं राहायचा, वारा खायचा, आणि संघदीप त्याच्या पाठीमागं वीतभर अंतरावर, आडोशाला. "पुढं ये ना बे कधी," योगराज ओरडायचा, "का माझ्या ढुंगणालेच लग्नाची मागणी घालतं?" दुसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या सायकलिंग संघटनेनं संघदीपला सायकल दिली आणि मग ते पाळीपाळीनं पुढं राहू लागले. पण अजूनही, एकटा चालवताना, वारा अंगावर आला की संघदीपला वाटे की पुढचं कोणीतरी बाजूला झालं आहे. घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत पुढं कोणी नसतं. त्या दिवशी पुढं एक मिनिटावर योगराज होता. इतक्या लांबून आडोसा मिळतो का?

योगराज पाळीवरच सापडला. लुंगी गुडघ्यावर, हातात फावडं. उन्हाळी धानाला पाणी सोडून तो चारीतला गाळ ओढत होता. शर्यतीनंतर दोघं भेटले नव्हते. एकदा फोनवर "अभिनंदन बे" आणि "हो" झालं होतं. "काय गा, निरोप घ्यायला आला काय?" योगराज म्हणाला. "लाडू आणले का नाही?"

"तू सायकल चालवून राहिला का नाही?"

"खुंटीले टांगली. माय म्हणते कोंबड्या बसवतो तिच्यावर." तो गाळ ओढत राहिला.

संघदीपनं सांगितलं. सुरुवात गतिरोधकापासून केली, मग मधेच सावली सांगितली, मग वही, मग पुन्हा गतिरोधक. सांगताना ते इतकं येड्यासारखं वाटलं की योगराज हसेल असं त्याला वाटलं, आणि हसला असता तर बरं झालं असतं. योगराजनं फावडं पाण्यात उभं केलं. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटून पुढं जाऊ लागलं. "तुले पुलिया लागली होती काय?" संघदीपनं विचारलं. "खरं सांग."

"नाही."

"नाही?"

"मले बी नाही लागली. ड्रम अलीकडंच होता. आंब्याखाली." आणि मग जरा मोठ्यानं, "झालं समाधान? जा आता, बॅग भर."

सुटलो, असं संघदीपला वाटायला हवं होतं. त्यानं वाट पाहिली. तसं काही वाटलं नाही. त्याऐवजी वाटलं, 'आंब्याखाली' हा शब्द योगराजला आपणच आत्ता दिला. की त्याचा तोच होता? योगराज खोटं कशाला बोलेल? त्याला दिल्ली नको होती का? तिसरीत असल्यापासून हवी होती. की शरम वाटली? की दया आली? दया हा विचार येताच संघदीपचे कान तापले. काळ्या सायकलच्या वर्षाचा सगळा वारा त्याला एकदम आठवला. "चल," तो म्हणाला, "एकदा जाऊन येऊ तिकडं. शेवटचं. उद्यापासून कोण कुठं."

"अबे, टायरात हवा नाही माझ्या."

"भरू."

योगराजनं डोळे बारीक केले. मग फावडं बांधावर टाकलं.

दुपार कलायला लागली होती तेव्हा ते तिरोडा रस्त्याला लागले. सव्वीस दिवसांत दोघांपैकी कोणीच इकडं आलं नव्हतं. काँक्रीट पांढरं, डोळ्यांत घुसणारं. सवयीनं योगराज पुढं गेला, सवयीनं संघदीप त्याच्या मागं, वीतभर. वारा नाहीसा झाला. पहिले काही किलोमीटर योगराजचा श्वास बेतालपणे चालत होता, मग त्याला लय सापडली, आणि त्याच्या पाठीवर घामाचा तोच जुना डाग उमटला, उलट्या पिंपळपानासारखा. या पाठीमागं आपण किती वर्षं काढली, आणि या पाठीला चेहरा आहे हे कितीदा विसरलो. चिमण्या दिसू लागल्या. योगराजला आता बरं वाटत होतं. तो बडबडायला लागला. "दिल्लीत पोळ्या खाव्या लागतेत म्हणे. भात मागितला तर बिमार आहे काय विचारतेत. सांग त्यांना, गोंदियाचा आहो, भाताबिगर चाक फिरत नाही." संघदीप हं हं करत होता. डाव्या हाताला आंबा आला. मोहर जाऊन सुपारीएवढ्या कैऱ्या लागलेल्या. सावली रस्त्यावर पडली होती, मानेवर थंडपणा आला, आणि संघदीपच्या उजव्या गुडघ्यानं, त्याला न विचारता, बाहेर निघायची तयारी केली. इथंच. इथंच वळलो होतो. त्याची आता शंका उरली नाही. तो पायडल मोजू लागला. एक. योगराजनं मान पूर्ण मागं वळवली, एक हात सोडून त्यानं मागं बोट दाखवलं, "तोच आंबा ना बे तुझा?" दोन. "म्हटलं होतं ना, इथंच होता ड्रम, मी बी इथूनच," तीन, "कायले एवढा जीव जाळून राहिला," तोंड संघदीपकडं, डोळे संघदीपवर, चार, आणि बोलता बोलता योगराज सीटवरून उठला. कोपरं सैल, गुडघे वाकलेले, बोटभर वर. त्याच्या खालून पुलिया निघून गेली, आणि तो पुन्हा बसला. वाक्यही तुटलं नव्हतं.

संघदीप बसलेलाच होता. धक्का त्याच्या मनगटातून दातांपर्यंत आला, सकाळच्याच वाटेनं, आणि जीभ पुन्हा त्याच जागी सापडली.

तो थांबला. योगराज पुढं जाऊन वळून आला. "काय झालं?"

"तू उठला."

"कुठं?"

"आता. पुलियावर. मागं पाहून राहिला होता, तरी उठला."

योगराजनं पुलियाकडं पाहिलं, मग स्वतःच्या मांड्यांकडं, जणू त्या दुसऱ्या कोणाच्या असाव्यात. "दिसली असंल मघाशी," तो म्हणाला. "लांबून."

असंलही. लांबून दिसली असेल. डोक्यात राहिली असेल. संघदीपला हे खरंच पटावंसं वाटलं, आणि क्षणभर पटलंही. वडील खुर्चीत बसले होते, आई चेन ओढत होती, दोन्ही गोष्टी पटण्याच्या बाजूनं होत्या. पण दिसलेल्या पुलियासाठी माणूस आधी बघतो. हा बघत नव्हता. हा चार पायडल आधीपासून मित्राला खोटं पटवण्यात गुंतला होता, आणि तेवढ्यात शर्यतीच्या दिवशी पुलियावर उठलेल्या त्याच्या अंगानं आपलं काम करून टाकलं होतं. चार पायडल म्हणजे तीस मीटर तरी. जाता-येता मिळून पाच सेकंद. आता पावलांचा प्रश्नही उरला नव्हता.

"काऊन केलं तू असं?" त्यानं विचारलं.

योगराज हँडलवरची पट्टी सोलत राहिला. "तुझं बॅनर लागलं ना बे," तो शेवटी म्हणाला. "मी हरलो तर तलावावर परत आलो, कोणाले काही फरक नाही पडला. तू... कसं म्हणू आता. जाय ना. मले काही नको."

"तू मले बसवून राहिला मागं. अजून."

"काय?"

"काही नाही." ते त्याला स्वतःलाही नीट समजलं नव्हतं. राग होता की काय होतं; योगराजला मारावंसं वाटत होतं आणि त्याच्या पाठीला कपाळ टेकावंसं वाटत होतं. खिशातून त्यानं फोन काढला. योगराजनं हात धरला, "वेडा झाला काय? वहीत खूण आहे तुझी!" संघदीपनं हात सोडवला. कैलाश सरांनी लगेच उचलला. मागं कुठल्यातरी मैदानावर पोरांचा गलका होता.

"बोल संघदीप. निघायची तयारी झाली?"

काय सांगायचं ते सगळं त्याच्याजवळ होतं, सावली, वही, ड्रम, पावलं, पण तोंडात रक्त होतं आणि त्यातून निघालं ते एवढंच. "सर, योगराज उठला."

"काय? कुठून उठला?"

"सीटवरून. पुलियावर. तुम्ही सांगितलं होतं ना, उठा म्हणून. तो उठला सर. न पाहता उठला. मी बसलेलो होतो."

पलीकडं पोरांचा गलका दूर गेला. सर चालत बाजूला आले असावेत. "तू कुठं आहेस?" त्यांनी सावकाश विचारलं.

"पुलियावर," संघदीप म्हणाला. "आज पह्यल्यांदा आलो."